हौद्याखालची स्टेपनी

तीन वर्षांपूर्वी मी मिशिगनमध्ये एक जुना पिकअप विकत घेतला आणि उत्साहाच्या भरात आईला फोनवर 'ट्रक घेतला' असे सांगितले, तेव्हा तिकडून पहिला प्रश्न आला तो 'नोकरी गेली का रे?' असा. इथे ट्रक म्हणजे मालवाहतुकीचा धंदा नव्हे, तर पुढे पाच माणसे बसतील आणि मागच्या उघड्या हौद्यात लाकूडफाटा, बागेची माती किंवा जुना सोफा मावेल अशी घरगुती गाडी, हे तिला पटवायला बराच वेळ गेला. या गाडीची स्टेपनी कुठे असते, हे मात्र तेव्हा मलाही नीटसे ठाऊक नव्हते.

बोलेरोच्या मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ज्यांच्याकडे इनोव्हा आहे त्यांना ती गाडीच्या पोटाखाली असते हेही माहीत असेल, आणि पिकअपची व्यवस्था साधारण तशीच आहे. हौद्याच्या खाली, मागच्या आसाच्या पलीकडे, चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये चाक आडवे टांगलेले असते आणि गाडीमागे वाकून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही. 'स्टेपनी' हा शब्द मात्र इथे कोणालाही कळत नाही. वेल्समधल्या लनेथ्ली या गावातील स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी जादा चाके बनवायला सुरुवात केली, त्या रस्त्याचे नाव चाकाला पडले आणि आपल्याकडे ते अजून टिकून आहे. इथल्या गॅरेजमध्ये मी हा शब्द वापरला, तेव्हा समोरच्या माणसाने मला तो दोनदा उच्चारायला लावला.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात ॲन आर्बरहून जॅक्सनकडे जाताना आय-९४ महामार्गावर माझे पुढचे उजवे चाक एका खड्ड्यात आदळले. मार्चमध्ये इथे बर्फ दिवसा वितळतो, पाणी डांबराच्या भेगांत शिरते, रात्री पुन्हा गोठून फुगते आणि रस्ता आतून उचकटतो. त्यामुळे मिशिगनचे खड्डे पावसाळ्यात नव्हे तर थंडी ओसरताना पडतात. टायरची बाजू फाटली होती. मी गाडी कडेला घेतली, मागच्या सीटखालून जॅक आणि तीन तुकड्यांची लोखंडी कांडी काढली, कांडी जोडून बंपरवरच्या भोकातून आत सरकवली आणि पान्याने डावीकडे फिरवू लागलो. तार सैल होऊन वीतभर खाली लोंबली, पण चाक जागचे हलले नाही. मी आणखी फिरवत राहिलो, तारेची वेटोळी चिखलात पडली आणि चाक वर होते तिथेच राहिले.

हे का झाले ते कळण्यासाठी ती यंत्रणा समजून घ्यायला हवी. चासीच्या आडव्या पट्टीवर एक छोटी चरखी बोल्टने बसवलेली असते; तिला विहिरीवरचा रहाट म्हणा, फक्त दोराच्या जागी पोलादी तार आणि पोहऱ्याच्या जागी चाक. तारेच्या टोकाला एक चकती असते. ती तिरकी करून रिमच्या मधल्या भोकातून आरपार घालायची आणि पलीकडे आडवी करायची, म्हणजे ती रिमला खालून धरते. तार गुंडाळली की चाक वर जाते आणि चासीला घट्ट टेकते. त्यापुढे कितीही फिरवले तरी आतले दाते सरकून 'टक टक' असा आवाज येतो, म्हणजे जास्त आवळून तार तुटण्याची भीती नसते. शिवाय अनेक गाड्यांत एक दुसरी अडकवण असते, जी तार तुटली तरी चाक रस्त्यावर पडू देत नाही. माझ्या गाडीत नेमकी हीच अडकवण गंजून जाम झाली होती.

गंज कशाने, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली, जमिनीत हजार फुटांहून अधिक खोल, मिठाची प्रचंड खाण आहे आणि तिथले मीठ रस्त्यांसाठीच वापरले जाते. ते खारे पाणी चाकांनी उडून थेट हौद्याखाली जाते, आणि तिथे कोणी पाइपने पाणीही मारत नाही.

मदतीला आलेल्या टोइंगवाल्याने पोटावर झोपून खाली पाहिले, हातोडीने टायरला चार ठोसे दिले आणि माझी गाडी सरळ आपल्या गाडीवर चढवली. गॅरेजमध्ये तार कापून आणि पहारीने अडकवण उचकटून चाक खाली पाडले, तेव्हा त्याच्याबरोबर चहाच्या भुकटीसारखा गंजाचा ढीग जमिनीवर सांडला. टायरच्या कडेवरच्या आकड्याचे शेवटचे चार अंक २३१४ होते, म्हणजे तो २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला, गाडीबरोबर आलेलाच टायर होता. हवा मोजली तर पस्तीसच्या जागी अठराच निघाली. थोडक्यात, ते खाली आले असते तरी माझ्या फारसे कामाचे नव्हते.

चाक न निघणे हा त्रास असतो. चाक सुटणे हा धोका असतो. रिमसकट त्याचे वजन तीस-पस्तीस किलो असते आणि इथे मागची गाडी ताशी सत्तर मैलांनी, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरच्या वेगाने येत असते. २००९ मध्ये टोयोटाने थंड राज्यांतल्या २००० ते २००३ या वर्षांच्या सुमारे १ लाख १० हजार टुंड्रा पिकअप तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या, त्याचे कारण चासीची मागची आडवी पट्टी गंजून स्टेपनी रस्त्यावर पडू शकते हेच होते. म्हणून नवी चरखी बसवण्याआधी मी ती पट्टी तारेच्या ब्रशने घासून, हातोडीने ठोकून पाहिली. पोकळ आवाज आला असता तर चरखी बदलून उपयोग नव्हता.

नवी चरखी मला सत्तर डॉलरच्या आत मिळाली. शेजारच्या आजोबांनी स्वतःच्या गाडीत केली आहे तशी साखळी आणि कुलूप लावण्याचा सल्ला दिला, कारण पिकअपखालच्या स्टेपन्या चोरीला जातात. मी ती लावली नाही. साखळीही गंजणार, कुलूपही गंजणार, आणि ती सैल लोंबली तर एक्झॉस्टच्या नळीला किंवा ब्रेकच्या पाइपला घासणार, असे मला वाटले. त्यांची साखळी मात्र सहा वर्षे धड आहे, हेही सांगायला हवे.

चाक वर चढवताना घाई करून चालत नाही, हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. पहिल्या खेपेला चकती रिमच्या भोकात तिरकीच राहिली होती. चाक वर गेले, टक टक आवाजही आला, पण हाताने ढकलताच ते पाळण्यासारखे डोलले. आता मी चाक निम्मे उचलले की पाना थांबवतो, खाली वाकून चकती सपाट बसली आहे का ते पाहतो आणि मगच पुढे फिरवतो. हात घालतो, पण टांगलेल्या चाकाखाली डोके कधी नेत नाही. हवेचे तोंड वर ठेवायचे की खाली हे गाडीगणिक वेगळे असते, ते पुस्तिकेत पाहावे. शेवटी टक टक ऐकू आल्यावर दोन्ही हातांनी चाक पुढेमागे ओढतो आणि गोल फिरवून पाहतो. ते अजिबात हलता कामा नये, कारण सैल चाक प्रत्येक धक्क्याला झुलते, तार चरखीच्या कडेवर घासते आणि तिचे धागे एकेक करून तुटतात. पन्नासेक मैल गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा ओढून पाहतो.

ऑक्टोबरमध्ये मीठ पडण्याआधी आणि एप्रिलमध्ये ते धुऊन गेल्यावर, असे वर्षातून दोनदा मी चाक पूर्ण जमिनीवर उतरवतो, हवा तपासतो, अडकवण बोटाने हलवून पाहतो आणि तारेला व चरखीच्या तोंडाला तेल देतो. हे काम अर्ध्या तासाचे असते. बायकोच्या मते दोन तासांचे, कारण त्यात कपडे धुणे धरावे लागते. यंदाच्या एप्रिलमध्ये अडकवण सहज हलली, टायरमध्ये हवा पस्तीस होती, पण तारेवरून फडके फिरवताना चकतीच्या जवळ एक तुटलेला धागा बोटाला टोचला. तो धागा एकच आहे, तरी मी दुसरी चरखी मागवली आहे, आणि ती येईपर्यंत स्टेपनी हौद्यात, पट्ट्याने बांधून, उताणी पडलेली आहे.