किचनचं बजेट भिंतीतच मुरलं

तर झालं एकदाचं आमचं किचन. गेल्या दोन महिन्यांत ज्यानं त्यानं "किती लागले वं?" विचारलं आणि मी प्रत्येकाला वेगळा आकडा सांगितला, कारण मलाच धड माहीत नव्हतं. काल रात्री वही घेऊन बसले, सगळ्या चिठ्ठ्या, दुकानाच्या पावत्या, ह्यांनी फोनवरून दिलेले पैसे असं सगळं मांडलं तर एक लाख बहात्तर हजार दोनशे. ठरवले होते एक लाख चाळीस हजार.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बाहेरच्यांसाठी सांगते, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलडाण्याचा हा पट्टा, खालचं पाणी खारट आणि वरची माती काळीभोर, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगते. किचनच्या गोष्टीत माती कुठून आली म्हणाल तर थांबा, सगळा घोळ तिनंच केला.

पहिले आम्ही अमरावतीला एका शोरूममध्ये गेलो. तिथल्या पोरानं चहा पाजला, कॉम्प्युटरवर आमचं किचन उभं करून दाखवलं, फिरवून फिरवून, लाइट लावून. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी पाच मिनिटं शांतपणे पाह्यलं आणि विचारलं, "माठ कुठी ठेवाचा याच्यात?" पोरगं गप्प. म्हणे काकू, इथे आरओ येईल. आता मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आरओचं कोमट पाणी कोण पिणार बाप्पा.

कोटेशन आलं २,८५,००० चं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३६,३००. आमच्या घरी कोणताही मोठा आकडा आला की हे त्याला तुरीत मोजतात, २०२५-२६ च्या हमीभावानं, ८,००० रुपये क्विंटलनं धरलं तरी बेचाळीस क्विंटल तूर, आणि हमीभाव हातात किती जणांच्या पडतो ते तुम्हाला माहीतच आहे. बरं, एवढ्यात ओट्याचा ग्रॅनाइट नाही, सिंक नाही, नळ नाही, प्लंबिंग नाही, लाइट फिटिंग नाही. कपाटाचं मटेरियल विचारलं तर प्रीलॅम पार्टिकल बोर्ड. भुशाचा दाबलेला बोर्ड तो, कडेनं पाणी मुरलं की बिस्किटासारखा फुगतो. सासूबाई परतताना एसटीत एवढंच म्हणाल्या, "एवढ्यात तं दुभत्या म्हशी येतेत वं बाई."

पण त्या कोटेशनमधून मी एक गोष्ट शिकले. आमचं किचन एल आकाराचं, एक बाजू १० फूट, दुसरी ६. त्यांनी धरले १६ रनिंग फूट. घरी येऊन वहीच्या पानावर आखलं तेव्हा समजलं की कोपऱ्याचे दोन फूट दोन्ही बाजूंनी मोजलेत, कपाट तर १४ च फुटाचं होतं. अडीच फूट उंची धरली तर पाच स्क्वेअर फूट झाले, त्यांचा भाव २,२०० रुपये स्क्वेअर फूट, म्हणजे नसलेल्या कपाटाचे अकरा हजार. तुमचंही एल असेल तर कोपरा आधी विचारा.

मग गावाकडचेच मिस्त्री ठरवले. मजुरी ३२,००० आणि माल आपण आणायचा. मी हिशेब मांडला, प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, चॅनेल, ग्रॅनाइट, मजुरी, सगळं धरून १,२८,००० आणि जुना ओटा फोडणं, नळ, वायरिंग वगैरे "किरकोळ" १२,०००. किरकोळ हा शब्द मी स्वतःच्या हातानं लिहिलेला आहे, वहीत अजून दिसते.

मिस्त्री पहिल्या दिवशी आले तर रंधा नाही, करवत नाही, हातात पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. एक टोक माझ्या पोराच्या हाती दिलं, दुसरं स्वतः धरून भिंतीभिंतीनं खुणा करत फिरले. मग कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन पाहायची पट्टी, लावला, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, भित गुन्यात नाई. अन् फरशी इकून सव्वा इंच बसली." मला वाटलं सव्वा इंचानं काय होते. त्यांनी समजावलं की जुना ओटा जागेवर बांधलेला होता, गवंड्यानं कमीजास्त सिमेंट भरून निभावून नेलं, पण कपाट काटकोनातच बनते, ते वाकड्या भिंतीला टेकवलं की मागं फट राहते, त्या फटीत झुरळं आणि उंदीर, आणि फरशी उतरती असली की दारं आपोआप उघडतात. काळ्या मातीवरचं पंचवीस वर्षांचं घर, एक कोपरा बसलेला, त्यात खारट पाण्यानं प्लास्टरला लोणा लागून हात लावला की भुरभुर खाली पडत होतं.

म्हणजे प्लास्टर खरवडा, नवीन करा, फरशी उखडा, लेव्हल करा. ते उखडलं तर आत जुना लोखंडी पाइप गंजून चाळणी झालेला, तो बदला. भिंत उघडीच आहे तर वायरिंगही आताच करा, मिक्सर, फ्रिजसाठी वेगळे पॉइंट, एक १६ अँपिअरचा, कारण एकदा कपाट बसलं की मागं हात जात नाही. मग उधईचं औषध. बारा हजाराच्या "किरकोळ"चे झाले एक्केचाळीस हजार. वरचे जे बत्तीस हजार दोनशे गेले ना, त्यातले एकोणतीस हजार या भिंतीत आणि फरशीत आहेत, दिसत एक रुपयाही नाही. पाहुणे येतात आणि हँडल छान आहेत म्हणतात.

प्लायवर मात्र काटकसर केली नाही. वॉटरप्रूफ तर सगळेच दुकानदार म्हणतात, आपण बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का पाहायचा, आयएस ७१०. त्या प्लायचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळून तपासतात. आयएस ३०३ मध्येही दोन प्रकार येतात, त्यातला एमआरवाला ओलाव्यापुरता असतो, सिंकजवळ चालत नाही. शिक्क्याजवळ सीएम/एल नंबर असतो तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन कोणाचं आहे ते दिसते, मी दुकानात उभी राहूनच टाकला, दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं होतं. नंबर खरा निघाला म्हणा. अकरा शीट लागल्या, ३,५०० ची एक.

सिंकखाली प्लायच नाही. तिथं कडप्प्याच्या उभ्या फळ्या लावल्या आणि फक्त दार प्लायचं. मिस्त्रींना ते जरा कमीपणाचं वाटलं, पण इथलं पाणी मी रोज घासते, ते कशाला काय करते मला माहीत आहे. त्याच कारणानं तारेच्या बास्केट फक्त दोन घेतल्या. दुकानदार चुंबक लावून दाखवत होता, चिकटत नाही म्हणजे ३०४ नंबरचं स्टील. पण स्वस्तातल्या २०२ लाही साधारण चुंबक चिकटत नाहीच, त्यामुळे त्या जादूला अर्थ नाही. आणि आमच्या खाऱ्या पाण्यात तर ३०४ वरही डाग येतात. बाकी सगळे साधे खण ठेवले. गंज म्हणजे मोठं पातेलं, कोपर म्हणजे परात, पापडाचे डबे असले आडदांड प्रकार बास्केटमध्ये मावत पण नाहीत. मावत नाहीत हे कसं कळलं, तर आधी सगळी भांडी अंगणात बाजेवर काढून टेपनं मोजली, शेजारच्या काकूंना वाटलं आम्ही वेगळे निघालो.

चिमणी घेतली नाही. वांगे भाजायचे ते मागं चुलीवर कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर, पुरणाचं मोठं गंज पण तिथंच, मग घरातल्या दोन वेळच्या फोडणीला एक्झॉस्ट फॅन पुरते. सिलिंडरच्या खणाच्या दाराला मात्र अगदी तळाशी जाळी ठेवायला लावली, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो, आणि शोरूमच्या त्या चकचकीत चित्रात तो खण डबीसारखा बंद होता.

ओट्याच्या उंचीवरून घरात भांडण झालं. मिस्त्री म्हणे ३४ इंच रीतीप्रमाणे, मी पाच फूट, सासूबाई माझ्याहून कमी. मी पोळपाट ठेवून लाटून पाहिलं, खांदे वर जात होते. ३१ वर थांबलो. सासूबाई म्हणाल्या, "मले कायले इचारता, मी तं खालीच बसून चिरतो." आणि अजूनही खालीच विळा घेऊन बसतात, नव्या फरशीवर.

माठ खिडकीखाली आहे. तिथं दीड फूट जागा कपाटाशिवाय मोकळी सोडली, खाली कडप्पा, ठिबकलेलं पाणी जायला बारीक उतार. ही उताराची करामत मिस्त्रींची, पैसे घेतले नाहीत त्याचे.

चार हजार त्यांचे अजून द्यायचे आहेत. कोपऱ्यातलं एक दार पहिल्या पावसानंतर खाली घासायला लागलं. फोन केला तर म्हणाले, "राहू द्या ताई, मातीले फुगू द्या पुरी, पोळ्यानंतर येतो."