डावा त्यांना, उजवा मला

बुधवार, दुपार

"यात तर काहीच नाही गं," एवढंच म्हणाले हे काल रात्री. रागाने नाही, चेष्टेनेही नाही. तरी ते वाक्य सकाळपासून पाठ सोडत नाहीये. डबा भरताना, दूधवाल्याचा हिशोब करताना, आत्ता जरा पाठ टेकली तरी तेच. यात तर काहीच नाही.

रोज कानात काय घालून झोपतेस, बघू तरी, म्हणून त्यांनी माझा डावा इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला. उजवा माझ्याच कानात राहिला. दोन उशांच्या मधे वायर ताणलेली. पाच-सहा सेकंद छताकडे बघत ऐकलं. "नुसतं हूंऽऽ चाललंय. फ्रीजसारखं." आणि मग ते वाक्य.

मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यांनी इअरफोन काढला त्याच क्षणी माझ्याही कानातलं घुमणं गेलं. एक सपाट सूर तेवढा उरला. म्हणजे मीही ऐकत होते, आणि यात खरंच काही नव्हतं.

कारण ठाऊक नव्हतं असं नाही. लेकीने, रश्मीने, झोपेसाठी ही 'बायनॉरल बीट्स'ची फाइल पाठवली तेव्हाच समजावलं होतं. डाव्या कानात २०० हर्ट्झचा सूर, उजव्यात २०६ चा. एकेकटे ऐकले तर दोन्ही सरळ रेघ. दोन्ही कानांनी एकदम ऐकले की मेंदू मधला फरक धरतो आणि सेकंदाला सहा वेळा हेलकावणारी एक लाट ऐकू येते. ती फाइलमधे नसते, हवेत नसते, मोबाइल कितीही महागाचा घेतला तरी रेकॉर्ड होत नाही. मेंदूच्या तळाशी, दोन कानांकडून आलेले निरोप जिथे पहिल्यांदा एकत्र येतात, आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे जिथे ठरतं, तिथे ती तयार होते. त्या जागेला सुपिरियर ऑलिव्हरी असं काहीसं भारदस्त नाव आहे. तेव्हा एक कान त्यांचा आणि एक माझा, असं ऐकलं तर लाट कुणाच्याच वाट्याला येत नाही. ते सहा हर्ट्झ काल दोन उशांच्या मधे कुठेतरी पडून राहिले.

हे सगळं कळतं. तरी लागलंच.

बाईंकडे गाणं शिकत होते तेव्हा तंबोरा मिळवताना अशीच लाट ऐकू यायची. जोडीच्या दोन तारा जवळ आल्या की आवाज हलायला लागायचा, आधी भरभर, मग सावकाश, आणि जुळल्या की थांबायचा. ते हलणं हवेतलं, सगळ्या खोलीचं. मी खुंटीशी झटत असायचे आणि बाई आत पोळ्या लाटता लाटता ओरडायच्या, "अजून हलतंय, तारेचा मणी बघ!" पाठ करून बसलेल्या बाईला भिंतीपलीकडून कळायचं. त्या लाटेला साक्षीदार होते. माझ्या आत्ताच्या लाटेला कोण आहे?

आणि झोपेलाही कोण आहे? झोप न येणं हा प्रकारच असा, की तो चालू असताना बघायला घरात कुणी जागं नसतं. सकाळी सांगितलं की ती नुसती तक्रार होते. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल, डॉक्टर म्हणाले मन रमवा. आक्काने काशाची वाटी पाठवली, तळपायांना तूप घासायला. घासलं. चादरींना आठवडाभर वास. आणि ह्यांचं नेहमीचं, "अगं, तुझ्या डोक्यात आहे सगळं." पाळी गेल्यापासूनच हे सुरू झालंय असं मी एकदा म्हणाले होते, तेव्हा ह्यांनी टीव्हीचा आवाज किंचित वाढवला होता. असो.

खरं म्हणजे काल मला वाईट कशाचं वाटलं? ऐकू आलं नाही याचं नाही, ते कुणालाच आलं नसतं. "काहीच नाही" हे इतक्या चटकन ठरवलं याचं असेल. पाच सेकंदांत. माझ्या इतक्या महिन्यांच्या रात्री आणि त्यांचे पाच सेकंद.

मग पुढचा तमाशा. वाक्य टाकून हे कुशीवर वळले आणि चक्क घोरायला लागले. डावा इअरफोन कानात तसाच. एका कानाने, एका सपाट सुरावर, ज्यात काहीच नाही त्यावर! ओढून घ्यावा तर जाग येणार, म्हणून मी उजव्या कानातलाही काढून ठेवला आणि मोबाइलवर वाचत बसले. झोप येत नसताना मोबाइल बघू नये हे मलाही माहीत आहे.

हे प्रकरण जुनं निघालं. हाइनरिश डोव्ह नावाच्या प्रशियाच्या शास्त्रज्ञाने पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा ओळखलं. गृहस्थ मुळात हवामानवाला. पुढे १९७३ मधे गेराल्ड ऑस्टर नावाच्या शास्त्रज्ञाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लेख लिहिला आणि तिथून लोकांचं लक्ष गेलं. त्याने आणखी एक नोंदवून ठेवलंय, की बायकांना ही लाट ऐकू येणं पाळीच्या चक्राप्रमाणे कमीजास्त होतं. हे वाचून मी अंधारात एकटीच हसले. चला, कुणीतरी एकाने तरी टीव्हीचा आवाज न वाढवता ऐकून घेतलं होतं.

उपयोग होतो का, यावर मात्र एकवाक्यता नाही. ऑपरेशनची वाट बघणाऱ्या पेशंटांवरचा एक अभ्यास २००५ साली आला. हे सूर ऐकवलेल्यांची धास्ती २६ टक्क्यांनी कमी झाली, सूर वगळून बाकी तेच संगीत ऐकवलेल्यांची ११, आणि काहीच न ऐकवलेल्यांची जेमतेम ४. वाचून जीव सुखावला. पण २०२३ मधल्या एका आढाव्यात, मेंदूच्या लहरी खरोखर या तालावर येतात का, यावरचे १४ अभ्यास मांडलेत. पाच बाजूने, आठ विरुद्ध, एक अधांतरी. आमच्या सोसायटीत यापेक्षा कमी मतांवर लिफ्ट बदलली गेली, तो भाग वेगळा.

आणि २०२० च्या एका प्रयोगात म्हणे साधी लाट, म्हणजे दोन सूर बाहेरच मिसळून केलेली, मेंदूला या कानातल्या लाटेपेक्षा जोरात हलवते. मूड मात्र दोन्हींनी बदलला नाही. म्हणजे बाईंचा तंबोराच वरचढ! पोळ्या लाटताना बाईंच्या मेंदूत काय काय चाललं असेल देव जाणे.

माझं मत विचाराल तर मला वाटतं, निम्मं काम त्या वायरचं आहे. कानात दोन बोळे घातले की कूस बदलता येत नाही, हाक मारलेली ऐकू येत नाही, मोबाइल उशाशी पालथा ठेवावा लागतो. वीस-पंचवीस मिनिटं माणूस मुकाट्याने उताणा पडतो. एरवी दिवसभरात मी कधी पडते अशी? उरलेलं निम्मं त्या लाटेचं असेल, नसेलही. काही रात्री ती ऐकता ऐकता झोप कधी लागली कळत नाही, काही रात्री फाइल संपल्यावर ती शांतता ऐकत पडते.

आणि "डोक्यात आहे सगळं" हे ह्यांचं म्हणणं तर या एका बाबतीत शंभर टक्के खरं निघालं. डोक्यातच आहे. नेमकं कुठे, तेही सांगता येतं. पण सांगणार नाही, उगाच फुशारतील.

आज सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "काल काय झोप लागली गं! ते तुझं फ्रीजचं गाणं आज परत लाव." मी बरं म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रश्मीला कळवलं की बाबांना डाव्या कानात दोनशे हर्ट्झ लागू पडलंय. तिने हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली आणि विचारलं, "आणि तुला?" त्यावर अजून काही लिहिलेलं नाही.

पण आज रात्री डावा मागितला तर देणार नाही. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे दीडशे रुपयांना जोडी मिळते. संध्याकाळी भाजी आणायला जाताना घेऊन या म्हणावं.