‘निवडक’ म्हणजे नक्की कोणत्या?

इंग्रजी साहित्याच्या पीएचडीत गाडी सगळ्यात आधी अडते ती शीर्षकापाशी. ‘अमुक लेखिकेच्या निवडक कादंबऱ्यांतील स्त्रीवाद : एक चिकित्सक अभ्यास’ हा साचा शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, शोधून बघा, पानामागून पान येत राहील. त्यातला ‘निवडक’ सगळ्यात घातक. कशावरून निवडल्या, हे सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) लिहिलेलं नसेल तर समिती तोच प्रश्न विचारते, आणि ‘आवडल्या म्हणून’ हे उत्तर तिथे चालत नाही. ‘चिकित्सक अभ्यास’ तर सरळ खोडून टाका. प्रबंध आणखी कसला असणार?

समजा, मुंबईतल्या इंग्रजी कवितेवर काम करायचंय. ‘कवितेतलं शहर’ घेतलंत तर त्याला काठच नाही. त्यापेक्षा 1976 हे एकच साल धरा. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चौघांची चार पुस्तकं त्या वर्षी क्लिअरिंग हाऊसने काढली. क्लिअरिंग हाऊस त्यांचंच, म्हणजे कवीच प्रकाशक. त्यात कोलटकर जाहिरात क्षेत्रातले, पान मांडणं हा त्यांचा पेशाच. त्या चारांतलं कोलटकरांचं ‘जेजुरी’ त्याआधी 1974 मध्ये एका त्रैमासिकात छापून आली होती. दोन्ही पाठ शेजारी ठेवा. ओळ कुठे तुटते, मोकळी जागा किती सोडलीय, काय बदललं? फरक सापडला तर एक प्रकरण उभं राहतं, नाही सापडला तर ते एका परिच्छेदात सांगून पुढे जाता येतं. ‘निवडक’चा प्रश्न उरतच नाही, कारण निवड सालाने आणि प्रकाशनाने केलेली असते. शिवाय कोलटकर इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत लिहीत, आणि साठच्या दशकातली मराठी लघुअनियतकालिकं (छोटी, अनियमित निघणारी नियतकालिकं) आपल्याला मुळातून वाचता येतात. ही मिळकत आपले विद्यार्थी सहसा वापरतच नाहीत, याचं नवल वाटतं.

शीर्षक टाइप करण्याआधी साधनांचा तक्ता करा: कोणती आवृत्ती, कुठला अंक, कोणत्या ग्रंथालयात. कलिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, टाऊन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. कॅटलॉगात नाव दिसलं म्हणजे अंक हाती आला असं नव्हे. तो गहाळ असतो, नाहीतर बाइंडिंगला गेलेला असतो. प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय तक्त्यात बरोबरची खूण करू नका.

गाईड शोधताना जागांचं गणित आधी विचारा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे एका वेळी 8, असोसिएटकडे 6 आणि असिस्टंटकडे 4 विद्यार्थी. मुदत कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6. कोर्सवर्क कमीत कमी 12 क्रेडिटचं. प्रबंधाआधी पेपर छापून येण्याची सक्ती यूजीसीने काढली आहे, पण आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक वेगळं वाचून घ्या.

शेवटचा घोळ प्लेजरिझमच्या, म्हणजे वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अहवालात होतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; 10 ते 40 मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं. संदर्भ दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळायची असतात. साहित्यवाल्यांची गंमत अशी, की संदर्भ देण्याच्या एमएलए पद्धतीत कवितेच्या तीनपेक्षा जास्त किंवा गद्याच्या चारपेक्षा जास्त ओळी अर्धा इंच आत सरकवून द्यायच्या, तेही अवतरणचिन्हांशिवाय. चिन्हं नसली की सॉफ्टवेअर बऱ्याचदा तो मजकूर तुमचाच धरतं आणि कवितेवरचा प्रामाणिक प्रबंध आकड्यात फुगतो. पीडीएफमध्ये ही चूक जास्त होते; चालत असेल तर वर्डची फाइल द्या. तरीही आकडा फुगलाच, तर अहवालात रंगवलेलं पान न् पान बघून कुठलं अवतरण मोजलं गेलंय याची यादी करा आणि ती गाईडच्या सहीने अहवालासोबत जोडा. आकडा उतरवायला कवितेच्या ओळींचा गद्यात अर्थ लिहीत बसू नका; परीक्षकाला मूळ ओळच बघायची असते.