तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंडाच्या कणांना हळद कशाला?

कर्करोगाच्या औषधासाठी लोहाचे कण बनवण्याचं माझं काम कळलं की बहुतेक जण हेच विचारतात: "चुंबकीय कणांवर हळदीतलं कर्क्युमिन चढवता, म्हणजे औषध सुरक्षितच झालं ना? शेवटी वनस्पतीचंच आहे!"

आवरण लागतंच. लोहाचे फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन प्रमाणात पाण्यात विरघळवून अमोनिया घातला की काळाभोर मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोह ऑक्साइड, खाली बसतो. त्याचे १०-१५ नॅनोमीटरचे कण चुंबक जवळ आणला की ओढले जातात आणि तो दूर केला की त्यांचं चुंबकत्व जवळपास उरत नाही. शरीरात सोडायच्या कणांसाठी हा गुण मोलाचा आहे. पण उघडे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटतात. रक्तात तर त्यांच्यावर प्रथिनं बसतात आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात.

कर्क्युमिनच्या रेणूतले दोन ऑक्सिजन लोहाला चिमट्यासारखे धरतात, म्हणून ते कणावर टिकतं. मात्र ते पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे कणांना एकमेकांपासून दूर ठेवायचं काम त्याला एकट्याला जमत नाही. ते काम बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक करतो. कौतुक मात्र सगळं हळदीच्या वाट्याला येतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सुरक्षिततेचं. रक्तातल्या अल्कतेच्या, पण प्रथिनं नसलेल्या द्रावणात ३७ अंशांना मोकळं कर्क्युमिन अर्ध्या तासात बहुतांश मोडतं. शिवाय ते स्वतःच चमकतं, त्यामुळे प्रकाशावर चालणाऱ्या चाचण्या फसतात आणि नसलेला गुण दिसतो. शुद्ध कर्क्युमिनऐवजी थेट एखाद्या झाडाच्या पानांचा अर्क वापरला तर ऋतू बदलला की अर्क बदलतो, आणि एका बॅचचा कण दुसरीसारखा निघत नाही.

फेरुमॉक्सिटॉल या औषधाचं उदाहरण मी नेहमी देते. लोह ऑक्साइडच्या या कणांवर शर्करेपासून बनवलेलं आवरण असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या लोहाच्या कमतरतेसाठी अमेरिकेत २००९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तरी काही रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी झाली आणि २०१५ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापावा लागला. साखरेच्या जातीचं आवरण असून हे घडलं, तेव्हा वनस्पतीचं नाव घेऊन कुणालाही सूट देता येत नाही.

आमच्या कणांची चाचणी अजून प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींच्या पलीकडे गेलेली नाही. कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर आमच्या कामाच्या भरवशावर कर्क्युमिनच्या गोळ्या सुरू करू नका. घेत असाल, तर आजच तुमच्या डॉक्टरांना सांगा.