अँपची गुणगुण आणि भूप

आज रविवार इलेक्ट्रिशियनसोबत गेला. कारण एकच, स्पीकरमधली घूं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ही गुणगुण साधारण पेटीवरच्या पांढरी पाच या सुराच्या खर्जात बसते. तानपुरा काळी एकचा असेल तर तो चक्क तीव्र मध्यम! आणि भूप रागात मध्यमच नसतो. आता ऐका भूप.

त्याने मीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २-३ व्होल्टच्या आत हवेत, आमच्याकडे १४. बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूखाली नुसती टेकवलेली, टोक काळं पडलेलं. घासून, आवळून घट्ट केली. घूं कमी झाली, पण गेली नाही.

मग सेट टॉप बॉक्सची केबल उपटली आणि एकदम शांतता! केबलवाल्याचं अर्थिंग वेगळं, घरचं वेगळं. दोन्ही अँपपाशी (अँप्लिफायरपाशी) भेटतात आणि मधून करंट फिरतो. ग्राउंड लूप म्हणतात तो हाच. केबलला आता आयसोलेटर लावणार, म्हणजे सिग्नल जाईल पण अर्थिंग जोडलं जाणार नाही. आणि अँप, टीव्ही, प्लेअर सगळं एकाच बोर्डवर घेतलं. फ्रीज दुसऱ्या लाइनवर, तो चालू होताना होणारा 'टक्' बंद.

दुकानदार मात्र हजारोंची पॉवर केबल गळ्यात मारत होता. भिंतीतली वायर साधीच, मग शेवटच्या दीड मीटरने काय दिवे लागणार?

आणि हो, घूं घालवायला थ्री-पिनची मोठी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. गुणगुण जाईल, पण अँपच्या पत्र्यात करंट उतरला तर जीवावर बेतेल.