तुम्ही विचारलंत म्हणून: लेसरनं मुरमांचे खड्डे खरंच जातात का?

प्रश्न साधारण असा येतो. आधी इकडचं तिकडचं बोलणं होतं, मग आवाज जरा खाली येतो आणि समोरची व्यक्ती विचारते, "तुम्ही चेहऱ्याला लेसर केलं होतंत ना? दुखतं का हो? किती दिवस घरी बसावं लागतं? खड्डे पूर्ण जातात?" विचारणाऱ्यांत माझ्या विद्यार्थिनी असतात, विद्यार्थीही असतात, स्टाफरूममधल्या सहकारी असतात, हळदीकुंकवाला भेटलेल्या अनोळखी बायका असतात. परवा एका मैत्रिणीच्या जाऊबाईंनी विचारलं, कारण त्यांच्या मुलीचं लग्न माघात आहे आणि त्याआधी 'तेवढं लेसर उरकून घ्यावं' असं त्यांच्या मनात आहे. उभ्याउभ्या दिलेल्या उत्तरात निम्मं राहून जातं, म्हणून सगळं सलग लिहिते.

आधी थेट उत्तर. खड्डे पूर्ण जात नाहीत. उथळ होतात, त्यांच्या कडा मऊ होतात, त्यामुळे त्यांत पडणारी सावली कमी होते. खड्डा दिसतो तो मुळात सावलीमुळे. माझ्या गालांवर ते आजही आहेत. बाजूनं उजेड आला की कळतात. पण समोरून कुणी बोलत असेल तर आता लक्षात येत नाहीत. पंधराव्या वर्षापासून लोकांची नजर माझ्या डोळ्यांवरून गालांवर घसरताना मी पाहिली आहे, त्यामुळे हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे. निम्म्याच्या आसपास सुधारणा झाली तरी ती चांगली समजावी, असं माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. 'शंभर टक्के' असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं.

मी फिजिक्स शिकवते, म्हणून यंत्राबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आणि ते समजलं की पुढची सगळी पथ्यं आपोआप समजतात. खड्ड्यांसाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो कार्बन डायऑक्साइड लेसर. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातलं. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. या लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. तो पाण्यात फार जोरानं शोषला जातो. कातडीत बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे प्रकाश पडला त्या जागचं पाणी क्षणात वाफ होऊन जातं आणि तिथली कातडीही जाते. एर्बियम-याग नावाचा दुसरा लेसर २,९४० नॅनोमीटरचा. त्याला पाणी आणखी लवकर शोषतं, म्हणून तो आजूबाजूला उष्णता कमी पसरवतो.

पूर्वी या लेसरनं चेहऱ्याचा वरचा थर सरसकट काढत. एक-दोन आठवडे चेहरा ओला, सोललेला, त्यानंतर कित्येक महिने लाली, आणि काहींच्या बाबतीत कायमचे फिकट चट्टे. सावळ्या कातडीवर तर धोका फारच. मग २००४ साली डीटर मॅनस्टाइन, रॉक्स अँडरसन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी कल्पना मांडली: सगळी कातडी जाळायची नाही, अतिसूक्ष्म टिंबं टिंबं जाळायची आणि मधली कातडी शाबूत ठेवायची. तळताना फुगू नये म्हणून पुरीला टोचे मारतात, तसे हे टोचे. फक्त एकेकाची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. शाबूत राहिलेल्या भागातून नव्या पेशी सरकत येतात आणि काही दिवसांत वरची जखम बुजते. आत खोलवर मात्र नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, तयार होण्याचं काम महिनोन् महिने चालतं. याला फ्रॅक्शनल लेसर म्हणतात. आज डॉक्टर 'सीओटू फ्रॅक्शनल' म्हणतात ते हेच.

तेव्हा लेसर खड्डा भरत नाही. तो मोजूनमापून जखम करतो. भरण्याचं काम आपली कातडी करते, तिच्या वेगानं, तिच्या स्वभावाप्रमाणे. यंत्र कुठल्या कंपनीचं आहे हे लोक मला हमखास विचारतात. त्याऐवजी आपली कातडी जखम कशी भरते हे विचारायला हवं. खरचटलं की तुमच्याकडे काळा डाग किती दिवस राहतो? टाके पडले तिथे, कान टोचले तिथे, गाठीसारखा उंच व्रण आला होता का? हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. असा व्रण म्हणजे केलॉइड, आणि तो होणाऱ्यांनी लेसरच्या वाटेला जाण्याआधी दहादा विचार करावा.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. चेहरा धुऊन बधिर करणारं क्रीम जाडसर थापतात आणि वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावतात. पाऊण तास ते तास तसंच बसून राहायचं. ओठ जड होतात, बोलताना शब्द अडखळतात. मग क्रीम नीट पुसून काढतात, डोळ्यांवर झाकणं बसवतात. बुबुळातही पाणीच असतं, त्यामुळे ही झाकणं फार महत्त्वाची. ती न लावता कुणी सुरुवात करत असेल तर हात धरून थांबवा. एका नळीतून गार हवा चेहऱ्यावर येत राहते, दुसरी नळी धूर ओढून घेते. यंत्राचा टिक-टिक आवाज आणि जळक्या केसांचा वास. या वासाबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना आवर्जून सांगते: तो येतोच, घाबरू नका. गालावर मला रबर ताणून सोडल्यावर बसतो तेवढा चटका जाणवला. वरच्या ओठावर आणि कपाळावर जास्त. पूर्ण चेहऱ्याला अर्धा तास पुरतो.

खरं दुखणं नंतरचं. क्रीमचा असर उतरला की चेहऱ्याची आग आग होते आणि ती काही तास टिकते. गार पाण्याच्या घड्या, डॉक्टरांनी दिलेलं मलम, रात्री डोक्याखाली जास्तीची उशी. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे सुजलेले असतात. आरशात पाहून धसका बसतो, पण सूज दोन-तीन दिवसांत उतरते. त्यानंतर बारीक तपकिरी खपल्या धरतात. अगदी जवळून पाहिलं तर त्या ओळीत दिसतात, जाळीसारख्या, जिथे जिथे टिंब पडलं तिथे तिथे. हात फिरवला तर कातडी सँडपेपरसारखी खरखरीत लागते आणि खाज सुटते. हाच सगळ्यांत कठीण काळ. नख लावायचं नाही, टॉवेलनं घासायचं नाही, वाफ घ्यायची नाही. हळद-बेसन, लिंबू, कोरफडीचा ताजा गर, यातलं काहीही लावायचं नाही, आजीनं कितीही आग्रह केला तरी. खपल्या साधारण आठवडाभरात आपोआप गळतात आणि खालून तांबूस कातडी निघते. तो तांबूसपणा काही आठवडे राहतो.

घरातल्या बायकांसाठी एक वेगळी सूचना. पहिले काही दिवस गॅससमोर उभं राहून पोळ्या करायच्या नाहीत. उष्णता आणि घाम दोन्ही वाईट. हे घरी आधी स्पष्ट सांगून ठेवा, आणि डबे लावायची सोय करून ठेवा. 'चेहऱ्यालाच तर केलंय, हातांना काय झालंय' असं ऐकावं लागलेल्या बायका मला भेटल्या आहेत. ही जखम आहे, आणि जखमेला विश्रांती लागते. स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींनी तोंडाला घट्ट स्कार्फ गुंडाळणंही खपल्या असेपर्यंत टाळावं. कापडाच्या घर्षणानं खपली अवेळी निघते आणि तिथे डाग राहतो. त्या दिवसांत शक्यतो दुचाकीच नको.

डागांचं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे खरी भीती त्याचीच. कार्बन डायऑक्साइड लेसर कातडीचा रंग पाहत नाही, तो पाणी शोधतो. पण जखम झाली की आपल्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि बरी होताना ती जागा काळपट पडते. गव्हाळ, सावळ्या, काळ्या कातडीत हे सहज होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गाल आधीपेक्षा गडद दिसू शकतात. बहुतेक वेळा हा काळपटपणा हळूहळू उतरतो, पण ऊन लागलं तर रेंगाळतो. म्हणून सनस्क्रीन हा या उपचाराचा निम्मा भाग आहे. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. शाईच्या थेंबाएवढं चोपडून काही होत नाही. याच कारणासाठी आमच्याकडे चैत्र-वैशाखात पुष्कळ डॉक्टर नव्यानं सुरुवात करत नाहीत. दिवाळीनंतर ऊन उतरलं की करतात.

'रंग उजळतो का?' हा प्रश्न मला मुलींपेक्षा त्यांच्या आया विचारतात. नाही. हा उपचार गोरं होण्यासाठी नाही आणि त्या आशेनं कुणीही चेहरा जाळून घेऊ नये. गालांवर वांग असेल तर या लेसरनं तो उलट वाढूही शकतो. आणि मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेली गोरेपणाची ट्यूब वर्षानुवर्षं लावत असाल, तर त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. त्यानं कातडी पातळ होते, लाल होते, बारीक लव वाढते, मुरमं येतात. अशा कातडीला आधी त्यातून बाहेर काढावं लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण ट्यूब एकदम बंद केली की चेहरा भडकतो. मला याचा मनापासून संताप येतो. सोळा-सतरा वर्षांच्या हसऱ्या मुली या ट्यूबपायी चेहरा झाकून वर्गात बसलेल्या मी पाहते.

सगळे खड्डे एका जातीचे नसतात, हेही कुणी सांगत नाही. काही रुंद आणि कडा असलेले, डब्यासारखे. त्यांना लेसरचा चांगला उपयोग होतो. काही सुईनं टोचल्यासारखे अरुंद आणि खोल; लेसर तिथे तळापर्यंत पोहोचत नाही, त्यांच्या तळाशी टीसीए नावाचं तीव्र आम्ल अगदी टोकानं लावतात किंवा ते कापून काढतात. काही लाटांसारखे उथळ, दोन बोटांनी कातडी ताणली की नाहीसे होणारे. ते खालून धाग्यांनी ओढून धरलेले असतात, आणि ते धागे सुईनं सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही जाती एकत्र असतात, माझ्याही होत्या, त्यामुळे उपचारही एकत्र करावे लागले. बोटांनी कातडी ताणून न बघता, बाजूनं उजेड टाकून फोटो न काढता कुणी थेट सहा सिटिंगचं पॅकेज हातात ठेवत असेल, तर पैसे भरू नका. सिटिंग साधारण तीन ते सहा लागतात, मध्ये महिना-दीड महिन्याचं अंतर, आणि शेवटच्या सिटिंगनंतरही तीन ते सहा महिने सुधारणा चालू राहते. खर्च शहरागणिक बदलतो, आणि सौंदर्योपचार म्हणून आरोग्य विमा तो देत नाही.

करणारी व्यक्ती त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा झालेली हवी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच वाटू देऊ नका. पार्लरमधला 'लेसर फेशियल' ही वेगळी गोष्ट आहे, केस काढण्याचा लेसर आणखी वेगळी. कानामागे किंवा जबड्याच्या कडेला आधी छोटी टेस्ट करून घ्यायला सांगा आणि काही आठवडे थांबून ती जागा पाहा. ओठांवर वरचेवर ताप फुटत असेल तर आधीच सांगा; हर्पिसच्या गोळ्या सुरू करून मगच लेसर करतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील तरी सांगा. पूर्वी सरसकट सहा महिने थांबवत, आता डॉक्टर कातडी पाहून ठरवतात. गरोदरपण असेल, मुरमं अजून येत असतील, कोड पसरत असेल, तर थांबायचं. आणि घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू दिसला, पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका आला किंवा ताप चढला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आता जाऊबाई, तुमच्या मुलीबद्दल. माघात लग्न असेल तर आत्ता लेसर सुरू करू नका. नेमक्या हळदीच्या वेळी काळपटपणा उमटण्याचा धोका आहे, आणि नव्या कातडीला हळद, मेकअप, होमाचा धूर यांतलं काहीच सोसणार नाही. तोवर फक्त येणारी मुरमं आटोक्यात आणा, रोज सनस्क्रीन लावू द्या, आणि लग्नाआधी कुठलंही नवं फेशियल करू नका. लग्नानंतरचा उन्हाळा जाऊ द्या, पुढच्या दिवाळीनंतर तिला स्वतःला करावंसं वाटलं तर करू द्या. होणाऱ्या सासूबाईंना वाटतं म्हणून नको. पहिल्या भेटीला जाताना घरात आहेत तेवढ्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, अर्धवट संपलेलीसुद्धा. मी येईन बरोबर.