फाटका गळा

पंढरीच्या वारीत दिवे घाट चढले, हे आधीच सांगून टाकते. घरी सगळ्यांना तेवढंच विचारायचं असतं. ढग होते, मागून रेटा होता, चढले. सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरेतलं माउलींचं स्नान हे सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय. टँकरपाशी भांडण कुठल्या मुक्कामी झालं तेही सांगता येणार नाही. भांडण मात्र आठवतं. बादली माझी होती.

मी दम्याची पोर. "हिला पळवू नका" हे इतक्यांदा ऐकलंय की खो-खोच्या मैदानावर मी कायम इतरांच्या चपला सांभाळायला. पुढे दमा आटोक्यात आला, ते वाक्य काही गेलं नाही. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाचे पैसे, भरतानाही मनात हिशेब पक्का होता: लोणंदपर्यंत जमेल, मग एसटी.

आमच्या ओळीत परभणीकडच्या एक आक्का होत्या. साठी उलटलेली, काखेत पिशवी. वाचता येत नाही, म्हणून भजनी मालिकेतला पुढचा अभंग मी त्यांना सांगायचा, असं कुणीतरी परस्पर ठरवलं. मी पान उलटेपर्यंत अख्खा अभंग आक्कांच्या ओठांवर असायचा. ओठांवरच. आवाज बाहेर नाही. मोठ्यानं म्हणा म्हटलं की, "नको माय, माझा गळा फाटका. सासूबाई म्हणायच्या, तू गायला लागली की देव उठून जातो." सासूबाई कधीच्या वारलेल्या. मला राग यायचा, तोही सासूबाईंचा नाही, आक्कांचाच.

लोणंदला एसटी धरली नाही, कारण चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण पाहायचं होतं. मग तरडगाव, मग फलटण. विडणी मागे पडली आणि डाव्या टाचेचा फोड टरारून आला. पावसाचा टिपूस नाही, डांबर तापलेलं, पुढे कुणीतरी फुकटच्या केळ्यांसाठी ओळ मोडलेली. साली सगळ्या रस्त्यावर. मी बाजूला झाले आणि बांधावर बसले. बसले ते बसलेच. दम लागला नव्हता, तरी छाती भरून आल्यासारखी वाटत होती. पंप काढून हातात धरला. टाळांचा आवाज पुढे जाताना ऐकू येत होता आणि मनात एकच, बघ, सांगितलं होतं ना.

आक्का परत आल्या. एवढ्या गर्दीत उलट्या दिशेनं. "धीर धर माउली" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. पाय मांडीवर घेतला, पिशवीतून सुई काढली, काडीच्या जाळावर धरली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार घालून दोरा तसाच आत ठेवला. पाणी हळूहळू झिरपून जातं म्हणे. डॉक्टरांनी हे वाचू नये. मी कळवळले, तर म्हणाल्या, "रिक्षानं जा की. लाज कसली? मागल्या साली मी ट्रकातच बसले होते दोन मुक्काम. त्याच्या आधीच्या साली तर आळंदीहूनच माघारी निघाले होते. दरसाल वाटतंच मला, औंदा काही होत नाही."

"मग येता कशाला?"

"ओळीतल्या बाया येतात म्हणून."

मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. काहीतरी विठ्ठलाबद्दल बोलतील असं वाटलं होतं. चिडूनच म्हटलं, "तुम्ही मोठ्यानं म्हणणार असाल तर उठते. नाहीतर रिक्षा बघा."

आक्का बराच वेळ सुईला गुंडाळलेला दोरा नीट करत बसल्या. मग बांधावरच बसून पांगुळाचा अभंग लावला. माझ्याकडे बघून, मुद्दाम.

गळा खरंच फाटका होता. सासूबाई खोट्या नव्हत्या. वरच्या सुरात गेल्या की पत्रा फाटावा तसा आवाज. पण ताल कुठे सुटत नव्हता. मागून दुसऱ्याच दिंडीतल्या बाया येत होत्या, त्यांनी आमच्याकडे न बघताच चरण उचललं. आक्का दचकून थांबल्या. त्या बाया थांबल्या नाहीत. मग आक्काही पुन्हा लागल्या, आणि मी उठले, कारण आता रिक्षा बघायला कुणी मोकळंच नव्हतं.

बरडला पोचेपर्यंत आमची ओळ कधीच पुढे गेली होती. समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला, एवढा समाज एका क्षणात गप्प झाला, आणि शेजारच्या माउलीचा मोबाईल वाजला.

सदाशिवनगरचं गोल रिंगण मला दिसलंच नाही; पुढे एकाच्या खांद्यावर पोर होतं, पोराच्या हातात पताका.

वेळापूरच्या अलीकडचा धावा मात्र सांगते. उतार आला, पुढच्या दिंड्या सुटल्या. मी सवयीनं कडेला सरले, पिशव्या सांभाळायला हात पुढे केला. आक्कांनी पिशवी दिली नाही. मनगट धरलं आणि निघाल्या. साठीची बाई, नऊवारीचा काचा खोचलेला, तोंडानं "माउली, माउली" बेंबीच्या देठापासून. मी पळत होते. चप्पल गेली. खाली पोचल्यावर दम लागलाच, पंपाचे दोन झुरके घेतले, ओळीतल्या बायांनी वारा घातला, एकीनं गुळाचा खडा तोंडात कोंबला. कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही. मला रडू येत होतं आणि चपलेचंही वाईट वाटत होतं, नवी होती.

पंढरपुरात दर्शनबारी पाहूनच कळसाला हात जोडले.

आक्का द्वादशीलाच निघाल्या, पेरणी राहिली होती. एसटीत बसवायला गेले तर जागेवरून कुणाशी तरी जुंपलेली. गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत आक्कांचा तो गळा मला स्पष्ट ऐकू येत होता.